थोरली मंजुरीच्या प्रतीक्षेत

आवकबाईंचा एक दावा होता आणि तो त्या ऑफिसात, घरात, जिन्यात, जो सापडेल त्याला ऐकवत असत.

"कुठल्याही लेखाच्या चार ओळी माझ्यापुढे टाका. लिहिणाऱ्याच्या घरात खोल्या किती, बायकोशी पटतं की नाही आणि सकाळी पोट साफ होतं की नाही, सगळं सांगते!"

तिसऱ्या मुद्द्याची खातरजमा करायला आजवर कुणी धजावलं नव्हतं, त्यामुळे दावा शाबूत होता.

पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर बाईंची एकतीस वर्षं गेली होती. आलेलं पाकीट फोडायचं, शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि 'विषय' नावाच्या रकान्यात दोन शब्दांत विषय लिहायचा. कुणी तीन पानं भरून साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला असो, बाई शांतपणे लिहीत : 'नळ कोरडा'. खरं नाव ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं. आवकबाई, बस्स.

चार वर्षांपूर्वी गुडघा दुखावून त्या सहा आठवडे घरी पडल्या आणि मोबाइलवर ब्लॉग वाचायला लागल्या. वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं, की जगात फार चांगलं लिहिणारी माणसं आहेत आणि त्यांच्याकडे कुत्रं फिरकत नाही! गल्लीच्या टोकाला उत्तम शिंपी असावा आणि सगळं गाव चौकातल्या दुकानात कपडे बिघडवून घेत असावं, तसं. बाईंना ते बघवेना. त्यांनी दर शनिवारी सकाळी एक मेल पाठवायला सुरुवात केली. नाव 'शनिवारची वेचणी'. दर आठवड्याला एक विषय, त्या विषयावरचे पाच-सहा ब्लॉग शोधून त्यांच्या लिंका, आणि प्रत्येकाखाली बाईंच्या दोन ओळी. विषय : चपला. विषय : वरच्या मजल्यावरचे लोक. विषय : न उघडणारी कुलपं. सुरुवातीला अकरा वाचक होते, त्यातले चार धाकाने. आता साडेसहाशे झाले होते. खाली सही एवढीच : 'वेचणारी'.

तर एका आठवड्याचा विषय त्यांनी काढला 'भावंडं'. शुक्रवारी संध्याकाळी शोधता शोधता त्यांना 'धाकटीचं दप्तर' नावाचा ब्लॉग सापडला. लिहिणारीचं नाव नाही, फोटो नाही. नऊ लेख, आणि वाचक दोन. त्यातली एक बहुधा ती स्वतःच. पहिल्या लेखाची पहिली ओळ अशी :

'थोरलीने मला पोहायला शिकवलं नाही. कसं बुडू नये याची यादी करून दिली.'

"अहो, ऐका, ऐका!" बाई ओरडल्या.

अहो, म्हणजे त्यांचे यजमान, चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. दिवसभर लोकांना 'आता दिसतंय? आणि आता?' असं विचारून विचारून घरी आल्यावर त्यांच्यात बोलण्याची ताकद उरत नसे. ते चहाचा कप घेऊन समोर बसले. बाई मोठ्याने वाचू लागल्या.

त्या लेखातली थोरली बहीण म्हणजे एक प्रकरणच होतं! ती डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची आणि चिठ्ठीवर तारीख घालायची. घरातल्या फोटोंच्या मागे लिहून ठेवायची : 'डावीकडून तिसरी धाकटी. नीट उभी नाही.' कुणाचा चहा सांडला तर फडकं आणायच्या आधी विचारायची, 'कसा सांडला?'

यजमानांना ठसका लागला. कप हिंदकळला, बशी भरली, लेंग्यावर ओघळ आला.

"कसा सांडला?" आवकबाईंनी विचारलं.

यजमानांनी बायकोकडे पाहिलं. मोबाइलकडे पाहिलं. 

"लेख चांगला आहे," ते म्हणाले.

"चांगला? अहो, अस्सल आहे! ही थोरली ओळखीची वाटते ना?"

"वाटते," ते खाली बघत म्हणाले.

"हुबेहूब तुमची ताई!"

यजमान लेंगा बदलायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आवकबाईंना एक धाकटी बहीण होती, हे इथेच सांगितलेलं बरं. ती लांबच्या शहरात भूमापन खात्यात नोकरीला होती आणि नऊ वर्षं दोघींमध्ये एक शब्द नव्हता. आई गेली तेव्हाचं काहीतरी. त्याबद्दल कुणी विचारलं तर बाई म्हणत, "तो विषय निकाली काढलाय." पण ती बहीण लिहील? छे! शाळेतले निबंधसुद्धा थोरलीकडून लिहून घेणारी मुलगी! शिवाय ब्लॉगातली थोरली शाळामास्तरीण होती आणि तिला तीन मुलं होती. आवकबाईंना मूल नव्हतं आणि खडूची त्यांना ॲलर्जी होती. मग संशय यायचा कुठून?

शनिवारी वेचणी गेली. 'धाकटीचं दप्तर'ची लिंक सगळ्यात वर, खाली बाईंच्या दोन ओळी : 'शुद्धलेखन गाळात आहे, पण काळीज लख्ख आहे. अशा थोरल्या घरोघरी असतात. त्यांना कुणीतरी आरसा दाखवायलाच हवा होता!'

आणि मग जे झालं ते चार वर्षांत झालं नव्हतं. लोक तुटून पडले! ज्या ब्लॉगला दोन वाचक होते तिथे सोमवारपर्यंत तीनशे झाले. प्रत्येकाला आपापली थोरली आठवली. 'माझी आत्या!' 'आमच्या मुख्याध्यापिका!' एकाने लिहिलं, 'माझा धाकटा भाऊच थोरली आहे.' बाईंनाही राहवेना. त्यांनी 'वेचणारी' या नावाने तिथे प्रतिक्रिया ठोकली : 'ही बाई एकदा माझ्या टेबलासमोर आणून उभी करा. शिक्का मारून जावक करते!' तिला एकशेबारा जणांनी पसंती दिली.

मंगळवारी त्या ब्लॉगवालीची मेल आली.

'तुम्ही कोण, मला माहीत नाही. पण कुणीतरी मोठ्या माणसाने मी सांगते ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, असं पहिल्यांदा झालं. हे लिहिणं मी बंद करणार होते. आता नाही करत.'

आवकबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ताबडतोब उत्तर पाठवलं : 'बंद करायचं नाही. तू फक्त लिही. बाकीचं मी बघते.'

पुढचे तीन आठवडे वेचणीत 'धाकटीचं दप्तर' हा कायमचा रकानाच झाला. नवा लेख आला की साडेसहाशेचे नऊशे, नऊशेचे चौदाशे. ऑफिसात डबे उघडताना नळांच्या तक्रारी मागे पडल्या आणि थोरली पुढे आली. साहेब म्हणाले, "या थोरलीला आपल्या वसुली विभागात घ्यायला हवी होती." नवी टायपिस्ट, चष्मा लावलेली कोवळी पोर, थोरलीचं नाव काढलं की दातओठ खाई. "बाई, तिनं धाकटीच्या प्रेमपत्रातल्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या! कसलं काळीज असेल हो?"

"काळीज? रजिस्टर असेल रजिस्टर!" आवकबाई म्हणाल्या आणि सगळे खो खो हसले.

इथेच थांबल्या असत्या तर निभावलं असतं. पण बाईंना भलं करायची खोड. त्यांनी सगळ्या लेखांच्या लिंका थेट वन्संना, म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहिणीला, पाठवल्या. वर लिहिलं : 'निवांत वाचा. राग मानू नका. विचार करा.'

दोन दिवसांनी वन्संचा फोन आला. बाई पदर खोचून तयारच होत्या. पण वन्संचा आवाज पार ओला!

"वाचलं गं सगळं. दोन-दोनदा वाचलं. तुझी मी तीस वर्षं थट्टा केली, मला माफ कर."

"अहो, मला कसली माफी मागता?"

"नाही, नाही. केवढं मन लागतं त्याला! स्वतःबद्दल इतकं खरं लिहायचं, आणि तेही बहिणीच्या जागी बसून! डब्यांवरच्या तारखा काय, ते 'कसा सांडला' काय! मी आमच्या ह्यांना म्हटलं, बघा, माणूस बदलतं."

 आवकबाईंसमोर स्वयंपाकघरातली फळी होती. फळीवर अठरा डबे होते. अठराही डब्यांवर तारखा होत्या.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "मी नंतर बोलते."

त्यांनी कपाटातून फोटोंचा डबा काढला. वरचाच फोटो उलटा केला. त्यांचंच वळणदार अक्षर : 'डावीकडून तिसरी छोटी. नीट उभी नाही.' फोटोतली सात वर्षांची छोटी खरंच वाकडी उभी होती. एका पायाला प्लास्टर होतं.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. यजमानांनी विचारलं, तर म्हणाल्या, पित्त झालंय. रागही आला होता, खोटं कशाला बोला! मास्तरीण काय, तीन मुलं काय! आणि लाज अशी वाटत होती, की मोबाइल त्यांनी पालथा घालून ठेवला होता. चौदाशे लोकांना दारात उभं करून त्यांनी स्वतःवरच दगड मारायला लावले होते, आणि पहिला दगड स्वतः निवडून दिला होता. त्यांनी ठरवलं, शनिवारच्या वेचणीतून दप्तर वगळायचं. विषय निकाली.

शुक्रवारी सकाळी अकराला टायपिस्ट डोळे पुसत टेबलाशी आली. "बाई, नवा लेख आलाय. 'बुधवार'. वाचू नका हो, दिवस वाया जाईल."

बाईंनी टेबलाखाली मोबाइल धरून वाचला.

'आईला मंगळवारी दवाखान्यात हलवलं. मला ते कळलं बुधवारी संध्याकाळी, सगळं संपल्यावर. माझी खात्याची परीक्षा चालू होती. दोनदा नापास झाले होते, गुरुवारी शेवटचा पेपर होता. थोरलीने ठरवलं, पेपर होऊ दे. माझ्या वतीने तिने ठरवलं. मी पोचले तेव्हा आई नव्हती, आणि आईची खोली आवरलेली होती. मी एवढंच विचारलं, आईने माझं नाव काढलं का गं? थोरली म्हणाली, नाही. झोपेतच गेली.

'मैत्रिणी म्हणतात, तुझ्या समाधानासाठी तरी ती हो म्हणाली असती. पण थोरली खोटं बोलत नाही. लहानपणापासून कधीच नाही. तिची सगळी जरब त्या खरेपणाची आहे. म्हणून मला पक्कं माहीत आहे, की आईला शेवटी माझी आठवण झाली नाही. याच्यापुढे मला काही लिहिता येत नाही.'

आवकबाई उठल्या. रेकॉर्डरूमच्या बोळात, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. थोरली आयुष्यात दोघींशीच खोटं बोलली होती, आईशी आणि छोटीशी, आणि दोन्ही त्या एकाच बुधवारपायी.

आई सकाळपासून विचारत होती, "छोटी आली का?" चार वेळा विचारलं. चारही वेळा थोरलीने सांगितलं, "वाटेत आहे. पोचेलच." छोटीला तिने फोनच केला नव्हता. फोन हातात होता. दवाखान्याच्या बाकावर चार तास हातातच होता. उद्या पेपर, उद्या दुपारी सांगू, आई उद्यापर्यंत काढेल. आईने काढला नाही. आणि मग दारात उभी राहून छोटीने विचारलं, तेव्हा खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की ती तुझी वाट बघत बघत गेली, आणि मी तुला बोलावलंच नव्हतं? म्हणून म्हटलं, नाही. छोटीचा जीव वाचवावा म्हणून म्हटलं, असं बाई नऊ वर्षं स्वतःला सांगत आल्या होत्या. त्यात स्वतःचा किती वाचवला, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी लेखाखालच्या चौकोनात लिहिलं : 'थोरली खोटं बोलली. आईने चार वेळा विचारलं, छोटी आली का. मी म्हटलं, वाटेत आहे.' आणि पाठवलं.

चौकोनात अक्षरं उमटली : 'आपली प्रतिक्रिया मंजुरीच्या प्रतीक्षेत आहे.'

बाई पाहत राहिल्या. एकतीस वर्षं त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसल्या होत्या. त्यांनी पुन्हा पाठवलं. उत्तर आलं : 'हीच प्रतिक्रिया आपण आधी पाठवली आहे.' त्यांनी एक स्वल्पविराम वाढवून पाठवलं. मग एक कमी करून पाठवलं. मग दर वेळी शेवटी एक टिंब वाढवत पाठवत सुटल्या. शेवटी यंत्र बिथरलं आणि म्हणालं : 'आपण माणूस असल्याचं सिद्ध करा. सिग्नल असलेली चित्रं निवडा.'

डोळ्यांतून धारा लागलेल्या. समोर नऊ चित्रं, त्यात सिग्नल कुठला आणि विजेचा खांब कुठला! बाईंनी निवडले. चुकले. पुन्हा निवडले. पुन्हा चुकले. दोन वेळा यंत्राने त्यांना माणूस मानायला नकार दिला!

टायपिस्ट शोधत शोधत बोळात आली. "अगंबाई! रडताय? द्या इकडे, मी निवडते." तिने पटापट सिग्नल टिपले, वर काय लिहिलंय ते न बघता पाठवलं आणि मोबाइल परत दिला. "त्या थोरलीपायी रडताय ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मेली कसली बाई आहे!" टायपिस्ट म्हणाली आणि बाईंच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांसमोर मोबाइल ठेवला. यजमान म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तिचं कौतुक करत होतीस गं. पहिल्यांदाच. मला ते मोडवेना."

साडेसात वाजता फोन वाजला. पडद्यावर नाव आलं, 'छोटी'. नंबर त्यांनी नऊ वर्षांत पुसला नव्हता.

"ताई."

"बोल."

"सतरा आल्या."

"काय?"

"प्रतिक्रिया. सतरा वेळा तीच. एकीत स्वल्पविराम जास्त आहे."  मग, "खरं आहे?"

"हो."

"आत्तासाठी बनवलेलं नाही ना? मला बरं वाटावं म्हणून?"

आता या प्रश्नाला काय करायचं! एकदा खोटं पकडलं गेलं की खऱ्याला साक्षीदार कुठून आणायचा?

"नाही गं. आईशपथ," बाई म्हणाल्या आणि कुणाची शपथ घातली हे त्यांना मग कळलं.

"कशी म्हणाली? नीट सांग. तिच्याच शब्दांत."

बाईंनी सांगितलं. पहिल्यांदा पाणी मागितल्यावर. दुसऱ्यांदा खिडकीकडे बघत, छोटी आली का. तिसऱ्यांदा नर्सलाच छोटी समजली आणि तिचा हात धरला. चौथ्यांदा नुसतंच, "छोटी?" सांगताना त्या मध्ये थांबल्या नाहीत आणि पलीकडून छोटीने तोडलं नाही. पलीकडे ती रडत होती, तोंडावर काहीतरी दाबून, लहानपणी रडायची तशी. बाईंच्या जिभेवर आलं होतं, 'पुरे आता, पाणी पी.' त्यांनी जीभ चावली.

"मी नऊ वर्षं," छोटी म्हणाली, "तिच्यावर रागावले होते ताई. आईवर. तुझ्यावर नाही, तिच्यावर."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला धरला. 

मग त्यांनी विचारलं, "वेचणारी मी आहे, हे आज कळलं तुला?"

"तुझ्या पहिल्याच मेलला. 'बाकीचं मी बघते' असं जगात दुसरं कोण म्हणतं?"

"मग लिहीत का राहिलीस?"

"तू वाचत होतीस ना. मध्ये न तोडता." तिने नाक ओढलं. "लेख मी बदलणार नाही. आणि तुझी प्रतिक्रिया मंजूर करणार नाही. आईचं ते शेवटचं माझं आहे, चौदाशे लोकांचं नाही."

"नको करूस."

"आणि लगेच फोन करू नकोस. मला झालं की मीच करीन."

"बरं," आवकबाई म्हणाल्या. 'कधी?' हा प्रश्न ओठांपर्यंत आला होता, तो गिळून टाकला.

या गोष्टीला पाच शनिवार झाले. छोटीचा फोन आलेला नाही. दप्तरात नवा लेख नाही. वेचणी मात्र जाते, कारण जगात चांगलं लिहिणारी माणसं अजून आहेत आणि त्यांच्याकडे अजून कुत्रं फिरकत नाही. मागचा विषय होता 'बस चुकलेले लोक'. पण वाचकांना बसचं काही पडलेलं नाही. ते एकच विचारतात : धाकटी कुठे गेली? थोरलीचं पुढे काय झालं? तिला शेवटी पश्चात्ताप झाला की नाही? 'बुधवार'खाली तर शिव्यांची चारशेवर भर पडली आहे. आवकबाई त्या रोज वाचतात, एकही वगळत नाहीत. प्रत्येक पत्राला उत्तर द्यायची सवय असल्यामुळे त्या प्रत्येकाला एकच ओळ कळवतात : 'लेखिकेकडून अद्याप काही आलेलं नाही.'

काल डबे उघडले तेव्हा टायपिस्टने पुन्हा विषय काढला.

"बाई, तुम्हाला तर चार ओळींवरून माणूस कळतं. खरं सांगा, ती थोरली खरंच इतकी वाईट असेल हो?"

आवकबाईंनी घास खाली ठेवला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. साहेबसुद्धा.

"मला नाही बाई सांगता येत," त्या म्हणाल्या. "तिचं अजून वाचून झालं नाही माझं."